अळीच हाय

त्या भादव्यात कडेगावच्या आसपास ज्याच्या त्याच्या मोबाईलवर एकच अळी फिरत होती. हिरवीगार, अंगभर काटे. घोणस अळी म्हणे. डसली की माणूस पाच मिनिटांत खलास. बायका उसात वैरणीला जायला भिऊ लागल्या.

लालासाहेबांना या अफवेचा लय राग. सतरा वर्षं पलटणीत काढलेला माणूस. त्यांनी शेतकी खात्याच्या साहेबाला गाठून सगळं नीट विचारून घेतलं आणि चावडीपुढं काडीवर अळी धरून लोकांना दाखवली. "हे एका जाडजूड पतंगाचं पिल्लू हाय. काटे टोचले की आग हुती, उलटी हुती, बास. चिकटपट्टीनं काटे काढायचे. हिनं कोण मरत न्हाई."

लोकांना पटलं. बायका परत उसात शिरल्या. त्यांची बायको अंजनाही.

एक दिवस दुपारी दोनला बांधाच्या गवतात तिनं हात घातला आणि किंचाळली. लालासाहेब मोटरीपासून धावत आले.

"आवं, कायतरी डसलं. दिसलं न्हाई."

त्यांनी शेजारची पानं उलटून पाहिली. दुसऱ्याच पानाखाली अळी होती. त्यांच्या जिवात जीव आला.

घरी आणून त्यांनी बोटावर चिकटपट्टी लावून ओढली. पट्टीला काटा एकही आला नाही, नुसतं रक्त आलं. बारीक असतील, दिसत नसतील, असं त्यांनी मनाला सांगितलं. अंजना ओकली. हात कोपरापर्यंत सुजला.

"म्या मरतीया का वो?"

"खुळी का काय तू? अळीच हाय."

शेजारचा केरबा तीनदा येऊन बघून गेला, तिन्ही वेळा एकच म्हणाला. "लालानाना, रगत थांबंना. गाडी दारात हाय, सांगलीला जाऊया."

"साऱ्या गावाला म्या सांगितलं आन् आता माझीच बायकू पळवत न्यू व्हय?"

तरी त्यांनी गावातल्या डॉक्टरांना फोन लावला. "मंडळीला घोणस डसली."

"अळी का साप?" पलीकडून डॉक्टरांनी विचारलं.

"अळी. म्या डोळ्यानं बघितली." मग भ्यायचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले.

सहाच्या सुमाराला अंजनाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. तेव्हा त्यांनीच केरबाला हाक मारली.

सांगलीच्या दवाखान्यात तिचं रक्त काचेच्या नळीत घेऊन ठेवलं. वीस मिनिटं झाली तरी ते गोठलं नाही. "अळी नाही, साप. घोणसच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कधी चावला?"

"दोनला."

बाईंनी घड्याळाकडं पाहिलं आणि लगेच सापाच्या विषावरचं औषध मागवलं. इंजेक्शनं झाली, पण मूत्रपिंडं बंद पडली होती. चौथ्या दिवशी पहाटे अंजना गेली.

फौजेतला मुलगा विश्वजीत जम्मूहून आला तो थेट आईच्या मातीलाच. दहावं झाल्यावर सोप्यात बसून त्यानं विचारलं, "दवाखान्यात न्यायला एवढा उशीर का झाला?"

केरबा घाईनं म्हणाला, "गाडी मिळंना झाली हुती, गड्या."

लालासाहेबांनी मान वर केली. "गाडी दारात हुती. ह्यो तीनदा म्हणाला. म्याच नगं म्हणालो."

विश्वजीत उठून घरामागच्या परड्यात गेला. रजा अजून आठ दिवस शिल्लक होती. दुसऱ्या दिवशी त्यानं बॅग भरली. आईच्या फोटोला हात जोडले, केरबाच्या पाया पडला आणि बापाकडं न बघता उंबरा ओलांडून गेला.