ताईचा चालता पाय

ताई शिवणकाम करायची, तीस वर्षं, पायाच्या मशीनवर. विजेची घे म्हणून सगळे हात धुऊन मागे लागले, पण बाई ऐकेल तर शपथ. अशी हट्टी, म्हणून भावासाठी सहा किलो वजन उतरवेन, असं ती म्हणाली तेव्हा कुणी शंका घेतली नाही. धाकट्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. ताईची जुळत होती. पण आधी वजन कमी करा, मगच ऑपरेशन, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आहारतज्ज्ञ बाईंनी तिला खाटेवर झोपवलं, अंगावर पांघरूण घातलं, डोक्यावर पारदर्शक टोप ठेवला. माणूस नुसता पडून असला तरी हृदय, मेंदू, किडन्या राबतच असतात. त्याला किती कॅलरी लागतात ते श्वासावरून कळतं. फक्त वीस मिनिटं निपचित पडायचं. आकडा आला सतराशे, आणि त्यावरून जेवण ठरलं.

दोन महिने ताईने घास मोजून खाल्ले, गोडाकडे ढुंकून पाहिलं नाही. वजन मात्र ढिम्म हलेना.

"चोरून काही खाता का?" आहारतज्ज्ञांनी विचारलं.

ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. गिऱ्हाइकाच्या कापडातली चिंधीसुद्धा तिने कधी ठेवून घेतली नव्हती, आणि भावाच्या जिवाशी चोरी?

"ताई, राहू दे गं," बाहेर धाकटा म्हणाला. "एवढं केलंस तेच खूप झालं." त्याचा सुजलेला चेहरा बघून तिला त्याचाच राग आला.

"तू गप्प बस. तुला कुणी विचारलंय?"

तपासणी पुन्हा करायचं ठरलं. या वेळी धाकटाही आत बसला. पाच मिनिटांतच तो फिसकन हसला.

"मॅडम, जरा पांघरूण काढा."

ताईचा उजवा पाय चालू होता. टाच वर, चवडा खाली, अगदी लयीत. ती मनातल्या मनात उद्याचा झगा शिवत होती आणि पाय बिचारा तिला न विचारता मशीन चालवत होता.

"अगं, निपचित म्हणजे पायसुद्धा!"

"मला काय माहीत तो चालतोय म्हणून!"

आहारतज्ज्ञ ओशाळल्या. "चूक माझी आहे. मी नुसती पडद्याकडे बघत बसले. चोरून खाता का, असं मी तुम्हाला विचारायला नको होतं."

अर्धा तास विसावा घेऊन पुन्हा सुरुवात झाली. धाकट्याने पायथ्याशी बसून तो पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला. त्याचे हात गार होते. टोपाखाली पडल्या पडल्या ताईला वाटलं, हे शरीर न सांगता किती राबतं, आणि आपण त्याला जाडं म्हणून हिणवत आलो. तिने मनोमन त्याचे उपकार मानले. त्या गार हातांचेही मानले.

पायाची मेहनत वगळल्यावर खरा आकडा निघाला साडेतेराशे. जेवण नव्याने बेतलं आणि पाच महिन्यांत सहा किलो उतरले.

ऑपरेशननंतर ताईला जाग आली तेव्हा नर्स हसत उभी होती.

"भाऊ शुद्धीवर आले तुमचे. नवी किडनी मस्त चाललीय. पण पहिलं काय विचारलं माहितेय? ताईचा पाय हलतोय का, म्हणे!"

ताईने मान जराशी उचलून पाहिलं. चादरीखाली टाच वर, चवडा खाली.

"हलतोय म्हणावं," ती कशीबशी म्हणाली. "आणि झोप म्हणावं आता गुमान."