कधीही न जेवलेला जबडा

मित्रांनो, मी एक जुना जबडा आहे. दचकू नका, मी कुणाच्या तोंडातून निघालेलो नाही. माझे दात धातूचे आहेत, हिरड्या गुलाबी मेणाच्या आहेत आणि मागे एक बिजागरी आहे, म्हणून मला तोंड उघडता-मिटता येते. इतके दात असूनही मी आजवर एक घाससुद्धा खाल्लेला नाही. चव म्हणजे नेमके काय असते, हे मला कुणीतरी नीट सांगावे असे फार वाटते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझे दात मुद्दाम वेडेवाकडे बसवले. एक पुढे झुकलेला, दुसरा शेजाऱ्याच्या अंगावर रेललेला. मला वाटले, या माणसाचे कामात लक्षच नाही. पण वाकडे असणे हीच माझी नोकरी होती. दात सरळ करायला शिकणाऱ्यांच्या हाताखाली मला जायचे होते.

कॉलेजात मी ज्यांच्या वाट्याला आलो, त्या बाई आधीच दातांच्या डॉक्टर झालेल्या होत्या. काही वर्षे किडलेले दात भरून आणि उपटून त्या कंटाळल्या होत्या. "मला आता दात काढायचे नाहीत, चालवायचे आहेत," असे त्यांनी मैत्रिणीला सांगितले आणि पुन्हा विद्यार्थिनी होऊन बाकावर बसल्या.

दात चालतात? मी तर चाटच पडलो. पण त्यांच्या सरांनी पहिल्याच तासाला ते समजावून दिले. "दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याला हळूच रेटत राहिलं, की पुढचं हाड विरघळून वाट देतं आणि मागे नवं हाड भरत येतं. पण हळूच."

माणसाच्या तोंडात याला महिनेच्या महिने लागतात. माझ्यात ते थोड्या वेळात दिसते. दातांना तार बांधायची आणि मला कोमट पाण्यात बुडवायचे. मेण मऊ पडते आणि तार ओढेल तिकडे दात सरकतात. ते सरकताना मला कसे वाटते, असे विचाराल तर सांगतो, गुदगुल्या होतात.

डॉक्टरबाईंना मात्र दम नव्हता. दात लवकर सरकावेत म्हणून त्यांनी एके दिवशी मला थेट उकळत्या पाण्यात सोडले. हिरड्या वितळल्या आणि माझी सगळी बत्तिशी टणाटण भांड्याच्या तळाशी जाऊन बसली. सगळा वर्ग पोट धरून हसला. त्या दिवसापासून माझे नाव 'आजोबा' पडले. सर रागावले नाहीत. त्यांनी बाईंच्या हातात एक गाळणी दिली आणि म्हणाले, "वेचा. पुन्हा बसवा."

ती सगळी दुपार बाई माझा एकेक दात नव्या मेणात बसवत होत्या. तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा जवळून पाहिले. त्यांचा स्वतःचा एक दात किंचित वाकडा आहे. तो त्यांनी का सरळ केला नाही, हे मला आजतागायत कळलेले नाही.

पुढे त्यांनी दवाखाना काढला आणि मला टेबलावर मानाची जागा मिळाली. घाबरलेल्या मुलांना त्या माझ्यावर तार लावून दाखवत. मुले माझ्या तोंडात बोट घालत आणि मी चावत नाही म्हणून खूश होत. ते माझे वैभवाचे दिवस होते.

मग संगणक आला. त्याच्या पडद्यावर दात न भिजता सरकू लागले. मी टेबलावरून कपाटात गेलो, तिथून कपाटाच्या डोक्यावर. माझे मेण वाळले, त्याला भेगा पडल्या आणि एका कोळ्याने माझ्या दाढेवर बिऱ्हाड थाटले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण तिथून खोलीतले सगळे ऐकू येई, एवढाच विरंगुळा.

असेच एकदा एका मुलीचे बोलणे कानावर आले. ती शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची. तिचे वरचे दात इतके पुढे होते की खालचे दात टाळूत रुतून जखम व्हायची. म्हणून बाईंनी तिला तारा लावल्या होत्या. पण ट्रम्पेट ओठांवर दाबला, की त्याच तारा ओठाला आतून कापायच्या.

"वाजवणं सोड थोडे दिवस," आई म्हणाली.

"थोडे म्हणजे दोन वर्षं ना? मग ताराच काढा," मुलगी म्हणाली.

बाईंनी तिचा ओठ आतून नीट पाहिला. मग म्हणाल्या, "तारा दातांच्या मागून लावून बघू या का? पण स्प्रिंग मला नवी बनवावी लागेल. ती जमेल की नाही, ते आधी बघते. मला थोडा वेळ द्या."

बाईंनी संगणकाकडे पाहिले. या स्प्रिंगबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हते. मग त्यांनी स्टूल ओढले, वर चढल्या आणि म्हणाल्या, "या आजोबा."

कोळ्याला त्यांनी हलकेच बाहेर सोडले आणि मला ताजे मेण भरले. माझ्या दाढांना स्प्रिंग अडकवली, तिने पुढचे दात मागे ओढायचे होते. मला पाण्यात बुडवले. बाहेर काढले तेव्हा पुढचे दात जागच्या जागी होते आणि दाढाच पुढे चालत आल्या होत्या! खुंटाच उपटून यावा तसे झाले. हेच त्या मुलीच्या तोंडात झाले असते तर? माझ्या मेणाला घाम फुटला असता.

बाईंनी दाढा पुन्हा मागे बसवल्या. या वेळी स्प्रिंग नरम घेतली आणि दाढांना आधार म्हणून टाळूला टेकणारी बटणाएवढी चकती जोडली. मग माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. काहीच हलेना. त्यांचा हात गरम पाण्याच्या किटलीकडे गेला. माझी बत्तिशी आठवून मला धडकी भरली. बाईंनाही ती आठवली असावी, कारण त्या स्वतःशीच हसल्या, किटली लांब सरकवली आणि खुर्चीत बसून राहिल्या. पाणी कोमटच राहिले. हळूहळू माझे पुढचे दात मागे गेले. दाढा तसूभरही हलल्या नाहीत.

तशीच स्प्रिंग मुलीच्या दातांमागे बसवून बरेच महिने गेले. एक दिवस ती मुलगी ट्रम्पेट घेऊनच आली. मी पुन्हा टेबलावर होतो. तिने मला उचलून विचारले, "डॉक्टर, हा कशासाठी असतो?"

"चुका करायला," बाई म्हणाल्या. "तुझ्या तोंडात करायच्या नव्हत्या, म्हणून याच्या तोंडात केल्या."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने रुमालाने माझे दात एकेक करून पुसले, मला समोर ठेवले आणि ट्रम्पेट ओठांना लावला.

मित्रांनो, तुमच्या दातांना रोज घास मिळतो, म्हणून ते रोज घासा. आणि ज्यांच्यावर चुका करून कुणी शिकले, त्या जुन्या वस्तू टाकून देऊ नका. मुलीच्या ट्रम्पेटच्या सुरांनी टेबल थरथरले आणि माझे दात एकमेकांवर वाजू लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या दाताखाली काहीतरी आले.