निरोगी उंदराच्या पोटातला उजेड

आमच्या मॅडमना आम्ही पाठीमागे हेडमास्तरीण म्हणतो. प्रयोगशाळेत हाताला क्रीम लावून आले म्हणून त्यांनी मला एकदा सगळ्यांसमोर झाडलं होतं. तेव्हा आजची गोष्ट मी मिटक्या मारत सांगणार, आधीच सांगून ठेवते.

आम्ही बनवतो ते कण इतके बारीक, की डोळ्यांना दिसायचं नावच नको. कॅन्सरच्या गाठीत एक एन्झाइम असतं. त्याने कणावरचं आवरण कापलं की कण उजळतो आणि गाठ कॅमेऱ्यात दिसते. एन्झाइम नाही, तर उजेड नाही. एवढ्यावर माझी अख्खी पीएचडी उभी आहे, आणि हेच उद्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं.

आज सकाळी कण टोचलेल्या एका धडधाकट उंदराचं पोट लख्ख उजळलं. गाठ नाही, काही नाही, आणि ही रोषणाई. मी मॅडमना बोलावून दाखवलं.

"कण फसवे निघाले. उद्याचं रद्द करू," मॅडम म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मी राबायचं आणि या दीडवितीच्या प्राण्याने त्यावर पाणी फिरवायचं? मी त्याच्याच पिंजऱ्यातला दुसरा उंदीर उचलला. त्याला कण टोचलेच नव्हते. कॅमेऱ्याखाली ठेवला, तर त्याचंही पोट लख्ख.

म्हणजे माझे कण निर्दोष होते. हिरवा पाला या कॅमेऱ्यात आपोआप चमकतो, म्हणून तर उंदरांना बिनपाल्याचं खास खाणं असतं. तसा नियम मॅडमनीच दारावर लावलाय.

"कुणीतरी लाडाने पालक चारतंय यांना," मी म्हणाले.

"काहीतरीच काय. पालक ते तोंडातसुद्धा घेत नाहीत."

मी ओठ घट्ट मिटून धरले. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कोथिंबीर होती," त्या हळूच म्हणाल्या. "कोवळी."

"बाकीच्या पिंजऱ्यांतही?"

"नाही गं. ते मेले चावतात मला."

मग मी चावऱ्यांपैकीच एक काढला, कण टोचले, वाट पाहिली. तो माझ्या हातमोज्यातून कडकडून चावला, पण कॅमेऱ्यात त्याचं पोट काळंकुट्ट. त्याचा मुका घ्यावासा वाटला मला.

नंतर बोट धुऊन त्यावर मी क्रीम लावलं, मॅडमच्या समोर, सावकाश. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.