धुळाजीचं प्रेशर

आशाताई होऊन भिवराबाईला नऊ वर्षं झाली होती, पण तिला गावाच्या बीपीनं जेवढा वैताग आणला तेवढा कुणीच आणला नव्हता. तिशीपुढच्या दोनशे माणसांचं प्रेशर तिनं मोजलं, त्यात साठ जणांचं चढलेलं. आणि त्या साठात सगळ्यात वर तिचा सख्खा धाकटा भाऊ, धुळाजी. शनिवारी त्याची टोळी ऊसतोडीला निघणार होती. त्याआधी त्याला रोजची गोळी आणि कमी मीठ, दोन्ही लावायचंच, असा तिनं चंग बांधला होता.

त्याचं ताट बघितलं की तिचं डोकं फिरायचं. दोन भाकरी, ठेच्याचा गोळा, आणि त्यावर वरून आणखी मीठ.

"अरं, जरा भाजी खात जा की."

"कुठली भाजी, अक्का? हिरीत टिपूस न्हाई."

"मग दूध-ताक?"

"एकच म्हैस ऱ्हायलीय. तिचं दूध डेअरीच्या कॅनात जातंय. आमीच प्यालो तर तिला पेंड कुठून आणू?"

गोळ्यांचं पाकीट तसंच भिंतीत खोचलेलं. डोकं दुखलं की घेतो, म्हणे. आता या माणसापुढं कपाळ किती बडवून घ्यावं?

शुक्रवारी तालुक्याला आशाताईंची बैठक होती. साहेब पडद्यावर पालक, सफरचंदं, मोड आलेली मटकी दाखवत होते. मीठ दिवसाला एक चमचा, लोकांच्या सवयी बदला, लकवा टाळा. भिवराबाई उठून म्हणाली, "साहेब, आमच्याकडं सहा महिने टँकर चालू हाय. पालक कशावर पिकवायचा?" साहेब हसले आणि त्यांनी पुढचं चित्र लावलं. ती धुसफुसत खाली बसली.

चारला ती गावात उतरली, तर धुळाजीच्या दारात गर्दी. तो लिंबाखाली आडवा पडलेला. तोंड डावीकडं ओढलेलं, उजवा हात लुळा.

"कवापासून?" तिनं भावजयीला, साखराबाईला विचारलं.

"सकाळी नवाला टँकरवर चक्कर आली."

"मग दवाखान्यात का न्हाई नेलं?"

"पाणी पाजतेय की मगापासून. एका बाजूनं गळतंय. खारट लागतंय म्हणून थुकतेत, असं वाटलं."

"खारट?"

"मीठ-साखरेचं पाणी. उन्हाळ्यात तुमीच दारोदार सांगत हिंडलात न्हाई का, चक्कर आली की हे पाजा, सावलीत निजवा म्हणून."

भिवराबाईनं धुळाजीचा उजवा हात उचलून सोडला, तो तसाच खाली पडला. ते पाणी उन्हाच्या चकरेसाठी होतं. तोंड वाकडं झालं, हात गळाला तर तो लकवा, घटकाभरही न थांबता दवाखाना गाठा, हे तिला पाठ होतं. नऊ वर्षं ती मिठावर भांडत राहिली आणि हे मात्र तिनं एका दारातही सांगितलं नव्हतं. लकव्याचं इंजेक्शन पहिल्या चार-साडेचार तासांतच चालतं; सात तास गेले होते.

तिनं फोन करून जीप बोलावली. धुळाजीला उचलून आत ठेवताना साखराबाईनं तिचा हात धरला.

"माझं काय चुकलं का, अक्का?"

"न्हाई," भिवराबाई म्हणाली. "तू मी सांगितलं तसंच केलंस."