तुपाची राखण

चक्कीवर दळण टाकून घरी निघून जाणाऱ्या बायकांची इंदुताईंना कीव यायची. आपली डाळ त्या मेल्याच्या हवाली करायची आणि संध्याकाळी तो देईल ते पीठ मुकाट्यानं उचलून आणायचं, म्हणजे कमालच झाली! इंदुताई स्वतः चक्कीजवळ नाकाला पदर लावून उभ्या राहायच्या. आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ पुरतं झटकायला लावायच्या आणि आपलं शेवटचं चिमूटभर बेसन डब्यात पडेपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. चक्कीवाला त्यांना लांबून येताना पाहिलं की कपाळाला हात लावायचा.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारीही त्या अशाच उभ्या राहिल्या आणि पिठाच्या धुरळ्यानं नाक चोंदून घेऊन घरी आल्या. मनोहरराव सेक्रेटरिएटमध्ये कारकून होते. शनिवारची अर्धी कचेरी आटोपून ते नुकते पगडी उतरवत होते, तर इंदुताईंनी त्यांच्या हातात पिशव्या दिल्या. इतवारीच्या बाजारात जायचं होतं.

विलायतेकडे लढाई पेटली होती आणि तिचं नाव सांगून बाजारात जो तो हात धुऊन घेत होता, असं इंदुताईंचं मत होतं. वाण्याच्या दुकानात त्यांनी साखर मुठीत दाबून पाहिली, ओली करून वजन वाढवलं असेल म्हणून. वेलदोडे सोलून दाण्याचा वास घेऊ गेल्या. नाक चोंदलेलं, म्हणून मनोहररावांना घ्यायला लावला. मैद्यात चाळणीच घातली असती, पण वाण्यानं हात जोडले. परतताना निंबाखाली बसलेल्या कल्हईवाल्याकडून दोन पराती घ्यायच्या होत्या. कल्हई पातळ लावली म्हणून तिथेही अर्धा घंटा गेला.

"अवं, इतका संशय घेऊन मानसाले झोप कशी येते?" मनोहररावांनी विचारलं.

"तुम्हाले येते ना? बस मंग. एकानं तरी घरात जागं राहा लागते."

मनोहररावांनी पान तोंडात टाकलं. बोलणं टाळायचं असलं की ते पान खात, आणि इंदुताईंच्या संसारात त्यांना पुष्कळ पानं खावी लागली होती.

एवढी सगळी खटपट नानकटाईसाठी होती. त्या काळी घरी भट्टी कोणाकडे असणार! रवा, मैदा, बेसन, पिठीसाखर, तूप असं सगळं घरचं घ्यायचं आणि बिस्किटवाल्याच्या भट्टीवर जायचं. त्याची माणसं तूप फेसून पीठ मळून द्यायची, पत्र्यावर नानकटाई लावून भट्टीत सारायची आणि भाजणावळ घ्यायची. मात्र बाईनं किंवा घरातल्या कोणीतरी तिथे बसून राहायचं. का, ते कोणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना ठाऊक असे. वनस्पती तूप बाजारात येऊन दोनचार वर्षं झाली होती. दिसायला तुपासारखंच. आपण पाठ फिरवली आणि आपलं तूप तिकडे, ते वनस्पती इकडे झालं, तर बाईनं कोणाला विचारायचं?

आणि इंदुताईंचं तूप म्हणजे काही साधंसुधं तूप नव्हतं. ते माहेरचं तूप होतं.

इंदुताई पारशिवनीच्या. लग्नात त्या नेसत्या लुगड्यानिशी सासरी आल्या. ना भांडी, ना दागिना. सासूनं ते जन्मभर बोलून दाखवलं. पण दर दिवाळीला त्यांचा धाकटा भाऊ चंपतराव सर्व्हिस मोटारीनं म्हशीच्या तुपाचा डबा घेऊन यायचा. पांढरंशुभ्र, रवाळ तूप. ते एकदा खाल्लं की सासूचंही तोंड घटकाभर बंद व्हायचं. त्या डब्याच्या जोरावर इंदुताईंनी महाल या आपल्या वस्तीत मान ताठ ठेवली होती. नानकटाई घरोघर द्यायच्या आणि सांगायच्या, "माहेरच्या तुपाची आहे हो!" ऐकून ऐकून बायकांचे कान किटले होते, पण नानकटाई कोणी परत केली नव्हती.

यंदाही चंपतराव गुरुवारी येऊन गेला. नानकटाईसाठी मोठा डबा आणि घरात खायला एक बरणी, दोन्हींची तोंडं फडकं बांधून कणकेनं लिंपलेली. डबा त्यानं मनोहररावांच्या हाती दिला, पाणी प्याला आणि मोटार सुटेल म्हणून जेवायला न थांबता गेला. मनोहरराव त्याला काहीतरी टोचून बोलले असणार, असा इंदुताईंना संशय आला. त्यांनी नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरला. बरणी ट्रंकेत ठेवली, ट्रंकेला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. डब्याचं लिंपण तर त्या भट्टीवर पोचेपर्यंत फोडणारच नव्हत्या.

रविवारी सकाळीच त्या गिरिधर बिस्किटवाल्याच्या भट्टीवर गेल्या. शुक्रवार तलावाच्या अंगाला गिरिधरची ती लांबट, काळवंडलेली जागा. दिवाळीच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसायची. वर्षाची कमाई त्याची याच दिवसांत व्हायची. बायका पराती मांडीवर घेऊन रांगेनं बसल्या होत्या. शेजारच्या कुसुमताई पुढेच होत्या. इंदुताईंनी सगळ्यांसमोर लिंपण फोडलं. वर रवाळ तूप चकाकत होतं.

"वा वं इंदुताई, तूप पाहावं तं तुमचं," कोणीतरी म्हणालं.

"माहेरचं आहे," इंदुताई म्हणाल्या.

गिरिधरच्या माणसानं अख्खा डबा परातीत पालथा केला आणि लगेच हाताच्या तळव्यानं तूप फेसायला घेतलं. इंदुताईंची नजर त्याच्या हातावरून हलत नव्हती. पण माणूस म्हटला की त्याला घरही असतं. दुपारी शिंप्याचा निरोप आला, की पोलकं हवं असेल तर आत्ताच मापाला या, उद्यापासून वेळ नाही. इंदुताईंनी जेवून आलेल्या मनोहररावांना आपल्या जागी बसवलं, डोळे उघडे ठेवायला बजावलं आणि धावतपळत शिंप्याकडे गेल्या. परत येऊन पाहतात तर बाकावर मनोहरराव नाहीत! ते कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर उभे होते.

"आत्ताच आलो," मनोहरराव म्हणाले.

"आत्ताच काय होते, तुम्हाले नाही समजायचं!"

तेवढ्यात त्यांचा पहिला पत्रा भट्टीतून निघाला. नानकटाई छान फुलली होती, वर चिरा पडल्या होत्या. इंदुताईंनी एक उचलली, फुंकली आणि तोंडात टाकली. नाक चोंदलेलं, वास काही कळेना. पण घास उतरला आणि टाळूला काहीतरी मेणचट चिकटून राहिलं. त्यांनी जीभ फिरवली. जाईना. तूप टाळूला चिकटत नाही. वनस्पती चिकटतं.

इंदुताईंच्या अंगाची लाही लाही झाली.

"गिरिधर! माझं तूप काय केलं?"

गिरिधर लांब दांड्याचं फावडं हातात घेऊन वळला. "काय झालं बाई?"

"हे वनस्पती आहे! माझं तूप काढून घेतलं अन् तुह्यं वनस्पती घातलं. आधी नाही, मागून नाही, बरोबर मी उठून गेली तेव्हाच!"

कुसुमताईंनी एक नानकटाई तोडून चाखली आणि जीभ टाळूला लावून पाहिली. "चिकटते वं," त्या हळूच म्हणाल्या.

एका बाईनं मागच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे वनस्पतीचा डबा होता, अर्धा रिकामा.

"तो माझा आहे," गिरिधर म्हणाला. त्याचा आवाज चढला. "बाजारच्या बिस्किटाले मी तेच वापरतो. लपवून ठेवलं काय? सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. तुमच्या परातीले हात लावला असंल तं माझे हात झडतील."

"हात झडून माझं तूप येते काय परत?"

कुसुमताईंनी आपली परात उचलली. मग दुसरीनं. मग तिसरीनं. जिचं पीठ मळून झालं होतं तीसुद्धा गोळा फडक्यात बांधायला लागली. इतवारीतल्या भट्टीवर आज रात्रीपर्यंत नंबर लागेल का, असं कोणी विचारत होतं. गिरिधरच्या कपाळावर घाम आला, आणि तो काही नुसता भट्टीचा नव्हता.

"बाई, असं काहून करून राहिल्या? बारा महिन्याचा माझा धंदा आहे हा. एका दिवसात मातीत घालता?"

"थांबा सगळ्याजणी," इंदुताई म्हणाल्या. "घरी बरणी आहे. त्याच म्हशीचं, त्याच हातचं तूप, अजून फोडली नाही. आणते. दोन्ही चाखून पाहा, अन् मंग सांगा कोन चोर आहे ते."

बायका थांबल्या. तमाशा कोणाला नको असतो!

इंदुताई तरातरा घरी आल्या. ट्रंक उघडली. बरणीचं लिंपण जसंच्या तसं होतं. आधी आपण चाखून घ्यावं, म्हणजे तिथे बोलायला जोर येईल, असा विचार करून त्यांनी लिंपण फोडलं आणि बोटभर तूप जिभेवर ठेवलं. दाणेदार, विरघळणारं, आईच्या हातचं वाटावं असं तूप. "आता पाहते मेल्याले," त्या पुटपुटल्या. कुसुमताई एका बोटानं ऐकायची नाही, भरपूर काढून न्यावं, म्हणून त्यांनी चमचा खोल घातला. चमच्यावर आलं ते वेगळंच दिसत होतं. वर रवा होता, खाली काहीच दाणा नव्हता. गुळगुळीत, एकसारखं.

त्यांनी ते तोंडात घातलं. टाळूला चिकटलं.

पुन्हा घातलं. पुन्हा तेच.

इंदुताई ट्रंकेशेजारी जमिनीवर बसल्या. त्यांनी जन्मभर सगळी दारं लावून घेतली होती. बरणीला लिंपण, ट्रंकेला कुलूप, किल्ली कमरेला. गिरिधर इथे आला नव्हता. इथे कोणीच आलं नव्हतं. आता संशय घ्यायला एकच घर उरलं होतं, आणि त्या घराकडे त्यांनी कधी त्या नजरेनं पाहिलंच नव्हतं.

उन्हाळ्यात पारशिवनीकडे गुरांवर बुळकांडीची साथ आली होती. चंपतरावानं सांगितलं होतं, आपल्या म्हशी वाचल्या. वाचल्या नव्हत्या. कुठूनतरी शेरभर तूप मागून आणलं असेल आणि त्याच्या बायकोनं ते जपून वरच्या थराला ओतलं असेल, नणदेनं झाकण उघडताच रवा दिसावा म्हणून. मग तो डबा घेऊन भाऊ एवढ्या लांब आला, बहिणीच्या डोळ्याला डोळा न भिडवता पाणी प्याला आणि जेवायला थांबला नाही.

इंदुताईंना आधी रागच आला. मले सांगितलं असतं तं काय झालं असतं? मी काय परकी होती? आणि मग त्यांना कळलं, की सांगता आलं असतं तर त्यानं सांगितलंच असतं. रिकाम्या हातानं यायची सोय त्यांनीच त्याला ठेवली नव्हती. घरोघर जाऊन, माहेरचं माहेरचं करत, त्यांनी त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर तो डबा कायमचा चढवून ठेवला होता. त्यांना रडू आलं. पण रडायला वेळ नव्हता. तिकडे बायका पराती घेऊन उभ्या होत्या आणि गिरिधर चोर ठरून उभा होता.

बरणी नेली तर चंपत सगळ्या महालात उघडा पडणार. नाही नेली तर गिरिधरची दिवाळी बुडणार. इंदुताईंनी बरणी ट्रंकेत ठेवली, कुलूप लावलं, तोंड धुतलं आणि निघाल्या.

त्या रिकाम्या हातानं आलेल्या पाहून कुसुमताई पुढे झाल्या. "बरणी कुठे आहे?"

"नाही आणली." इंदुताईंनी पदर घट्ट धरला. "गिरिधरनं काही नाही केलं. वनस्पती मीच मिसळलं होतं. घरीच."

"अवं पन लिंपण तं आमच्यासमोर फोडलं!"

"लिंपण माझ्याच हातचं होतं. आपलं उघडं पडते असं वाटलं, म्हनून याच्यावर ढकललं." त्या गिरिधरकडे वळल्या. "माझी चूक झाली गिरिधरभाऊ. तुमचे हात साफ आहेत."

गिरिधर भट्टीकडे वळला. त्याचा राग इतक्यात उतरणार नव्हता, आणि उतरावा असं इंदुताईंनाही वाटत नव्हतं.

कुसुमताई मात्र सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. "म्हनजे दरसाली माहेरचं माहेरचं म्हनून तुम्ही आमच्या घरी हेच पाठवत होत्या काय?"

ते खोटं होतं. आजवर त्यांनी कोणाच्या घरी कणभर वनस्पती दिलं नव्हतं. मनोहरराव बाकावरून उठले. गुरुवारी डबा त्यांनीच चंपतरावाच्या हातून घेतला होता, लिंपण त्यांनी पाहिलं होतं. ते तोंड उघडणार तोच इंदुताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते होते तिथेच थांबले.

"हो," इंदुताई म्हणाल्या. "माहेरचं तूप मी घरी ठेवते. ते चांगलं असते. वाटायले हे."

"मोठ्या मनाची बाई समजत होतो आम्ही तुम्हाले," कुसुमताई म्हणाल्या, आणि आपली परात गिरिधरच्या पुढ्यात ठेवून पाठ करून बसल्या. हळूहळू बाकीच्याही बसल्या. फडक्यात बांधलेले गोळे सुटले. गिरिधरनं पुढचा पत्रा मागितला. इंदुताईंशी कोणी बोललं नाही. त्यांच्या नानकटाईचे उरलेले पत्रे निघेपर्यंत त्या भिंतीशी उभ्या राहिल्या, कारण बाकावर त्यांना कोणी जागा करून दिली नाही.

नानकटाईचा डबा मनोहररावांनी उचलला. दोघं घराकडे निघाले. यंदा महालात कोणी आपल्या घरचं फराळाचं ताट घेणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"त्याले काही म्हनू नका," शेवटी इंदुताई म्हणाल्या. "भाऊबीजेले येईल तेव्हा."

मनोहररावांनी तोंडातलं पान थुंकलं, चालता चालता डबा उघडला, एक नानकटाई काढली आणि सगळी खाल्ली. मग दुसरी काढली.

"तुह्या माहेरच्या तुपाची आहे," ते म्हणाले. "लगेच कळते."

इंदुताईंनी चटकन त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.