जिवंत माणसांचे चौकोन

“काका, मी कधी वारलो?”

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा संगणकात डोकं घातलं. “तारीख नाही टाकलेली. नुसती खूण केलीय.”

माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. सकाळी एक गिऱ्हाईक हसत हसत सांगून गेलं की, नेटवर तुमच्या घराण्याची वंशावळ आहे आणि तिच्यात तुम्ही मृत आहात. हातातलं मशीन उघडं टाकून मी तडक घरी आलो होतो.

“जिवंत माणसांची माहिती ती साइट दाखवतच नाही,” काका समजावू लागले. “नुसता राखाडी चौकोन, आत लिहिलेलं ‘जिवंत’. निम्मं पान रिकामं. बघवेना. मग सगळ्यांना मृत केलं. लगेच नावं, फोटो, सगळं झकास दिसायला लागलं.”

“सगळ्यांना?”

“मला धरून.”

आता या माणसाला काय बोलायचं? काकांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. आईवडील गेल्यावर आम्हा दोघा भावंडांना त्यांनीच वाढवलं, त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. पानात कुठे मोकळी जागा दिसली की त्यांना घास गोड लागत नाही. निवृत्तीनंतर हा उद्योग मिळाल्यापासून स्वारी खुशीत होती. आत्या, मावश्या, त्यांची पोरं, सगळ्यांना फोन करकरून त्यांनी पिडलं होतं. मीही म्हटलं, चाललंय ते चालू दे. तिथेच माझं चुकलं.

मग मला धाकटी आठवली आणि मी काकांना तिचा चौकोन उघडायला लावला. माझी बहीण नवऱ्याच्या मारातून जीव घेऊन निसटली होती. तो माग काढत आला म्हणून तिने दोनदा गाव बदललं. आता ती कुठे असते, हे फक्त काकांना आणि मला ठाऊक होतं. तिच्या चौकोनात तिचा हसरा फोटो होता, नवं गाव होतं, ती शिकवते त्या बालवाडीचं नाव होतं. खाली काकांनी कौतुकाने लिहिलं होतं, ‘मुलांची लाडकी बाई’.

“काका, अहो, हे सगळ्या जगाला दिसतंय.”

“आपल्याच माणसांसाठी आहे रे ते.”

“जावईही आपलाच होता ना?”

काकांनी माउसवरचा हात काढला. मला चांगलं खडसावायचं होतं, पण त्यांचा उतरलेला चेहरा बघून तेही जमेना. म्हणून मी आणखीच चिडलो. तिला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून सगळं सांगितलं.

“कधीपासून आहे?” तिने विचारलं.

“महिना झाला,” काका म्हणाले.

पलीकडे मुलांचा गलका चालला होता. कुणाला तरी तिने हळू आवाजात खाली बसायला सांगितलं.

“मग निघायला हवं,” ती म्हणाली. “आत्ता कुठे मला इथे कायम केलं होतं.”

“त्याने बघितलंच असेल असं नाही,” मी म्हणालो.

“बघितलं नसेल असंही नाही, दादा.”

काका फोनकडे सरकले. “बाळ, मी आत्ताच्या आत्ता सगळ्यांना जिवंत करतो. तुझं नावसुद्धा दिसणार नाही कुणाला.”

“गाव, शाळा, फोटो काढा, काका. पण मला मेलेलीच राहू द्या.”

“असं काय बोलतेस?”

“शोधत आलाच तर तेवढं वाचून परत जाईल. ठेवते, मुलं वाट बघतायत.”

काकांनी आधी तिचा फोटो काढला, मग गाव, मग शाळा. शेवटी ‘मुलांची लाडकी बाई’ ही ओळही पुसली. नंतर एकेकाला जिवंत करत गेले. मी राखाडी झालो, आत्याची पोरं राखाडी झाली, सगळ्यात शेवटी ते स्वतः. महिन्याभरापूर्वी बघवत नव्हतं तसंच पान पुन्हा रिकामं झालं, आणि त्यात जिवंतांमधलं एकट्या धाकटीचं नाव उरलं.

काका खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ वाकले. छापायला जाण्याआधी तपासायचे तसं त्यांनी तिचं नाव अक्षर न् अक्षर वाचलं. कुठेही चूक नव्हती.