वरच्या कप्प्यातली पिशवी

मित्रांनो, माझी घरघर ऐकून दचकू नका. मी एक जुना फ्रिज आहे, रक्तपेढीतला. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेले भाऊबंद दूध-भाज्यांच्या घरी गेले आणि माझ्या नशिबी आल्या रक्ताच्या पिशव्या. सुरुवातीला मी नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू! पुढे मात्र कामाचा अभिमान वाटू लागला.

माझ्या वरच्या कप्प्यात तपासणी बाकी असलेल्या पिशव्या आणि खालच्यात तपासलेल्या. हिरवी चिठ्ठी लागल्याशिवाय वरची पिशवी खाली उतरत नसे. रक्त तपासणाऱ्या ताईंचा हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

एका दुपारी एका सुताराची सहा वर्षांची लेक दवाखान्यात आली. तिच्या अंगातलं रक्त फार कमी झालं होतं. तिच्या गटाची एकही पिशवी माझ्याकडे नव्हती आणि दुसऱ्या रक्तपेढीतून यायला दोन तास लागणार होते. बापाचा गट जुळला. ताईंनी आजार, सुया यांबद्दलचे नेहमीचे प्रश्न विचारले. त्यानं सगळ्यांना धडाधड "नाही" म्हटलं आणि रक्त दिलं. पिशवी माझ्या वरच्या कप्प्यात आली तेव्हा कोमट होती.

"द्या की आता, ताई!"

"आधी तपासणी होऊ द्या, दादा."

"अहो, बापाचं रक्त लेकीला! त्यात काय तपासायचं?"

"रोगाला नातं कळत नाही. आणि नुकताच शिरलेला रोग मशीनलाही सापडत नाही. तिथं तुमच्या शब्दावरच आमची भिस्त."

सुतार आपले खडबडीत हात चोळत राहिला. मग हळूच म्हणाला, "दोन आठवड्यांपूर्वी तापात सुई घेतली. तीच सुई आधी दुसऱ्याला टोचलेली मी पाहिली होती. सांगितलं असतं तर तुम्ही रक्त घेतलं नसतं, ताई. पोरगी हातची गेली असती."

ताई रागावल्या नाहीत. "बरं झालं बोललात," एवढंच म्हणाल्या. पुढे तपासणीत काही निघालं नाही, तरी त्यांनी ती पिशवी बाद केली.

ते दोन तास सरता सरेनात. सुतार माझ्या दाराला डोकं टेकून बसला होता. मला हात असता तर त्याच्या पाठीवरून फिरवला असता. शेवटी तपासलेली पिशवी आली, कुणा अनोळखी माणसाची, आणि पोरीच्या गालांवर रंग परतला.

तीन महिन्यांनी ताईंनी सुताराचं रक्त पुन्हा तपासलं. या वेळी त्या सुईतून रक्तात शिरलेला यकृताचा रोग सापडला. त्याचे उपचार लगेच सुरू झाले, पण तो कितीतरी वेळ माझ्या वरच्या कप्प्याकडे बघत उभा होता.

आता नवा फ्रिज आलाय. मी कोपऱ्यात असतो, आणि पोटात ताईंचा डबा नि चहाचं दूध. आलं बुवा एकदाचं दूध नशिबी!

मित्रांनो, रक्त जरूर द्या. पण त्याआधी कुणी प्रश्न विचारले तर लाजू नका, लपवू नका. मी रक्त गार ठेवू शकतो, तुमच्या मनातलं मला दिसत नाही.

ती पोरगी अजून बापाबरोबर येते. वेण्या उडवत माझ्या दारावर टकटक करते. मीही घरघरून तिला ओ देतो.